सात-आठ वर्षांचं स्प्रॉकेट

"वस्तू घ्यावी ती नातवंडांनाही पुरेल अशी!" दिगंबररावांनी गॅरेजात जाहीर केलं, आणि तेवढ्यानेच दम लागल्यामुळे ते टायरवर बसले.

त्यांच्या मोटरसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राचे, दात झिजले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मुलगा गाडी विका म्हणत होता. मेहबूब मिस्त्रीने दोन नवी स्प्रॉकेटं समोर ठेवली. "हे साधं, वर्षभर चालेल. हे कडक पोलादाचं, सात-आठ वर्षं बघायला नको. पण काका, तुमच्या वयाला साधं पुरे की."

दिगंबररावांनी खाली बघत साध्याकडे बोट केलं.

"पोलादाचंच बसव रे," मागे उभी असलेली त्यांची बायको कडाडली. या गाडीला ती जन्मभर सवत म्हणत आली होती. "मुलाच्या मोटारीत मला मळमळतं. सात-आठ वर्षं मी काय चालत फिरू?"

दिगंबररावांची पाठ ताठ झाली. नव्या चेनसकट पोलादी स्प्रॉकेट बसलं, गाडी सुरू झाली. रुबाबात ते हँडलपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "मेहबूब, जरा हाताला धर बाबा. पाय पलीकडे टाकायचाय."