सही न झालेला फोटो

सत्त्याऐंशी फोटोंच्या मागे फोटोवाल्यांनी सही ठोकली आणि अठ्ठ्याऐंशीव्यापाशी पेनाला टोपण लावलं.

“शाई संपली?” स्मारक समितीच्या कारकुनाने विचारलं.

“हात दुखतोय.”

“एका सहीने काय हात गळून पडणार आहे? उद्या हे चेहरे दगडात कोरायला जायचेत. चेहरा खरा आहे अशी तुमची सही हवी. नंतर चूक निघाली तर देशभर शोभा!”

“म्हणून तर हात दुखतोय,” फोटोवाले पुटपुटले. कारकुनाला ऐकू गेलं नाही. तो चहा सांगायला निघून गेला.

बोट बुडाली त्याला एकतीस वर्षं झाली होती. चारशेच्या वर माणसं गेली. देशाने झेंडे अर्ध्यावर आणले, आणि अजूनही त्या तारखेला सकाळी दहाला रस्त्यावरच्या गाड्या दोन मिनिटं जागच्या जागी थांबत. गेलेल्यांपैकी अठ्ठ्याऐंशी एकट्या या गावचे. सरकारने आठ दिवसांत फोटो मागितले. देशभरच्या पेपरांत छापायचे होते. गावात स्टुडिओ एकच, फोटोवाल्यांचा. कुणी लग्नातला फोटो आणला, कुणी शाळेच्या ग्रुपमधला. गर्दीतून एकेक चेहरा उचलून मोठा करायचा. फोटोवाले आठ दिवस उभ्यानेच जेवले.

आठव्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. गावात राहायला येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. कडेवर तीन महिन्यांची मुलगी.

“आमचे हे बोटीवर होते,” त्या म्हणाल्या. “फोटो सगळे त्यांच्याच बॅगेत होते. ‘फोटो नाही’ असं लिहून द्या, म्हणजे झालं.”

फोटो नाही! म्हणजे पेपरात एक चौकट रिकामी आणि या पोरीला बापाचं तोंडही नाही. फोटोवाल्यांच्या पोटात तुटलं. आणि पोटात तुटलं की यांची जीभ सुटायची.

“असं कसं? तुमचे यजमान येऊन गेलेत माझ्याकडे. निगेटिव्ह शोधतो. दिसायला कसे होते म्हणालात?”

बाई गडबडल्या. “नाक सरळ... मिशी बारीक.”

धादांत थाप! यजमान आले असलेच तर स्टुडिओसमोरच्या रस्त्यावरून गेले असतील, आत नाही. पण फोटोवाल्यांकडे एक खण होता, लोक काढून जातात आणि न्यायला फिरकत नाहीत अशा फोटोंचा. नाव विचारायची पद्धत नव्हती. पाकिटावर खूण लिहायची. ‘निळा शर्ट’, ‘शिंकणारा’, ‘घाईवाला’. घाईवाल्याचं नाक सरळ होतं. मिशी जरा झुपकेदार होती, ती निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बारीक केली. घाईवाला एवढ्या घाईत गेला होता की फोटो न्यायलासुद्धा परतला नव्हता.

बाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. डोळे कोरडे.

“हेच ते,” त्या म्हणाल्या.

फोटोवाल्यांना तिथेच स्वतःची किळस आली. रडून रडून जिला नवराही ओळखू येईना, तिच्या गळ्यात आपण परका पुरुष मारला!

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी सगळे समितीच्या याच दालनात जमत. ज्याने त्याने आपल्या माणसाचा फोटो हातात धरायचा आणि एक आठवण सांगायची. बाई म्हणत, “फार शांत स्वभाव. घरात कधी आवाज चढला नाही.” सरकारी मदतीचा कागद त्यांनी कोराच परत केला होता. गाव म्हणे, काय हा स्वाभिमान! आणि मुलगी मोठी झाली तसं जो तो म्हणू लागला, “नाक बघा, अगदी वडिलांचं!” असं कुणी म्हटलं की फोटोवाले खाली वाकून बुटाची नाडी बांधत. एकतीस वर्षांत त्यांनी इतक्या नाड्या बांधल्या की कंबर कायमची वाकली.

आज मात्र वाकून भागणार नव्हतं. कागद फाडता येतो, दगड कसा फाडणार? त्यांनी बाईंना बोलावणं धाडलं होतं. त्या आल्या. मुलगी दाराशी कारकुनाशी बोलत थांबली.

“काय हो दादा, आमच्याच फोटोवर रुसलात म्हणे?”

“ताई, हा तुमचा नवरा नाही.”

मग सगळं बाहेर आलं. खण, घाईवाला, पेन्सिल. “पोरीला बाप म्हणून कुणीतरी भलताच दाखवला मी. देशाला फसवलं, तुम्हाला फसवलं. जोड्याने मारा मला. पण आता दगडासाठी खोटी सही होत नाही माझ्याच्याने.”

बाईंनी रुमालाने फोटोवरची धूळ पुसली.

“मारते नंतर. आधी बसा.” मग दाराकडे बघून आवाज उतरवला. “तीन वर्षं संसार केलाय मी, दादा. नवऱ्याचं तोंड विसरेन होय?”

“मग तेव्हा ‘हेच ते’ का म्हणालात?”

बाईंची मान खाली गेली.

“नवी बाई, कडेवर पोर. नवरा कुठे, हे विचारल्याशिवाय गाव राहतं का? सत्त्याऐंशी घरं खरंखुरं रडत होती, त्यांत मी जाऊन बसले. त्याची लाज अजून जात नाही. नाव खोटं सांगता आलं, दादा. पण फोटो खरा दिला असता, तर पेपरात स्वतःचंच तोंड बघून ते आम्हाला शोधत दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते.”