पहिली तक्रार

अंगणवाडीत तपासणीला आलेली डॉक्टरीण तेजूच्या छातीवरची नळी काही उचलेना. मागे रांगेतल्या बाया चुळबुळू लागल्या.

"अहो, ठणठणीत आहे माझी पोर," वच्छला म्हणाली. "चार वर्षांची झाली, पण दंगा म्हणून नाही. बसवलं तिथे बसते. अख्ख्या आळीत असं गुणी लेकरू दाखवा!"

"पळाल्यावर ओठ निळे पडतात का?"

"पळेल तेव्हा ना!"

डॉक्टरीण हसली नाही. तिने मोठ्या दवाखान्यात तपासणीला पाठवलं. तेजूच्या हृदयाला भोक होतं. पोरीच्या ज्या शांतपणाचं श्रेय वच्छला आजवर स्वतःच्या संस्कारांना देत आली होती, ते सगळं त्या भोकाचं निघालं.

सरकारी विमा योजनेच्या कार्डावर शहरात शस्त्रक्रिया झाली. वच्छलाने घरातले सगळे देव पाण्यात ठेवले होते; ते कमी पडतील म्हणून शेजारच्या यमुनाकाकूंचा बाळकृष्णही उसना आणला होता.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याच यमुनाकाकू कडाडत दारात आल्या. "वच्छे, तुझ्या कार्टीने अंगणभर पळवलं मला, आणि आता आमच्या पेरूवर चढून बसलीय! उतर म्हटलं तर वरून पेरू मारते!"

"धाप लागलीय का हो तिला?"

"तिला कसली लागतेय? मला लागलीय!"

वच्छलाने काकूंना पाटावर बसवलं, त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि समोर मांडी घालून म्हणाली, "काकू, आता पुन्हा सांगा. अगदी पहिल्यापासून."