आडवी दोरी

समजा, तुम्ही एका लांबट खोलीच्या टोकाला उभे आहात. दुसऱ्या टोकाला स्टुलावर कपड्यांची टोपली आहे. तुमच्या हातात प्लास्टिकची चपटी डिस्क, आणि ती त्या टोपलीत पडायला हवी. सोपं वाटतं ना? आता मध्ये भिंगरीच्या आत्याला बसवा.

"आत्या, खुर्ची सरकव ना!"

"का म्हणून? खुर्ची माझी, गुडघे माझे. मी इथेच बसणार."

"डोक्याला लागेल."

"लागलं तर तुझ्या हाताचा दोष. माझं डोकं जागेवरच आहे."

भिंगरीने दात-ओठ खाल्ले. "आत्या, मान खाली!" असं ओरडून तिने डिस्क सोडली. आत्याने मान काही खाली घातली नाही. डिस्क तिच्या अंबाड्याला चाटून भिंतीवर आपटली.

डिस्क-गोल्फच्या खऱ्या मैदानावर टोपल्या लोखंडी असतात, वरून साखळ्या लोंबतात. लांबून फेकणं भिंगरीला शेजारच्या पटांगणात जमलं होतं. पण टोपलीजवळ आली की तिचा नेम चुकायचा. म्हणून हा घरचा सराव. मैदानावर रोज फक्त क्लबची मुलं खेळत. बाहेरच्यांना आत पाऊल टाकता येई ते स्पर्धेच्या दिवशीच. आणि बाहेरचं कोणी जिंकलं, तर त्याला क्लबमध्ये जागा.

नाव द्यायला गेली तेव्हा क्लबचे सर हसले होते. "घरात टोपली ठेवून मैदान कळत नाही, बेटा."

"बघू," भिंगरी म्हणाली होती. घरी येऊन सगळं सांगताना मात्र तिचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून तिने हट्ट धरला, आणि त्याच दिवसापासून आत्यानेही. आत्या माळीकाम करायची, जिथे बोलावतील तिथे. संध्याकाळी आली की साडीच्या काठाला चिकटलेलं गवत दारात झटकायची आणि घरातलं काही ना काही हलवायला घ्यायची. आधी कपाट ओढून डावीकडे, पार पुढे आणलं. "मागे भिंतीला ओल येते," म्हणाली. मग वाफे आखायची गाठींची दोरी खोलीत आडवी बांधली, तीही नेमकी भिंगरीच्या कपाळाच्या उंचीवर, आणि तिच्यावर ओली चादर टाकली.

"बाहेर एवढं ऊन आहे की!"

"उन्हात रंग विटतो. डाग पाडलास तर तूच धुवायची."

"तुला मी जिंकायलाच नकोय!"

आत्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "असेल तसंही. रडून झालं की डिस्क उचल."

भिंगरी रडली नाही. इरेला पेटली. चादरीखालून, कपाटाला वळसा घालून, आत्याच्या कानाजवळून टोपलीत कसं शिरायचं, हे हाताला पाठ होईपर्यंत ती फेकत राहिली. "आत्या, मान खाली!" आणि धप्प! आत्या नुसती पान उलटायची. शाबासकीच्या नावाने शंख.

स्पर्धेच्या सकाळी आत्या म्हणाली, "मला कामं आहेत." भिंगरी आईबरोबर गेली.

शेवटच्या टोपलीपाशी ती आणि क्लबचा पहिल्या नंबरचा मुलगा बरोबरीत होते. त्याची डिस्क फांदीला लागून खाली पडली. आता भिंगरीची पाळी. ही टोपलीत पडली की क्लबचं दार उघडणार होतं.

"जपून हं," सर म्हणाले. "इथे आमची मुलंसुद्धा चुकतात. ते झुडूप काढून टाका म्हणून कितीदा सांगितलं, पण आमच्या माळीणबाई ऐकतील तर शपथ! गाठींची दोरी घेऊन नुसती मापं घेत फिरतात. कधी खोडापासून झुडपापर्यंत, कधी फांदीपासून जमिनीपर्यंत. कशाला, कोण जाणे!"

भिंगरीने समोर पाहिलं.

डावीकडे, पार पुढे आलेलं जाडजूड खोड. तिच्या कपाळाच्या उंचीवर आडवी फांदी, पानांनी लोंबलेली. आणि टोपलीच्या अलीकडे, ऐन वाटेत, खुर्चीत बसलेल्या माणसाएवढं एक गोल, हटवादी झुडूप.

ती खुदकन हसली. तिने पाय रोवले, हात मागे घेतला, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी त्या झुडपावर ओरडली, "आत्या, मान खाली!"