बायनाबाईचा दाखला

वालूरला उतरल्यावर शालननं तोंडावरची धूळ पदरानं पुसली आणि पहिल्याच दुकानात चांगुणाबाईंचं घर विचारलं. दाखला घेतल्याशिवाय परतायचं नाही, हे तिनं पाथरीच्या स्टँडवरच ठरवून टाकलं होतं.

सोनपेठची बालवाडी शालन चालवायची. दिवाळीनंतर एक दिवस बायनाबाई दारात येऊन उभी राहिली. वालूरच्या बालवाडीत मदतनीस होते, आता इकडं भावाकडं आलेय, काम द्या, म्हणाली. तिथून सोडल्याचा दाखला मात्र नव्हता. तिथल्या अध्यक्षीणबाई, या चांगुणाबाई, तो देईनात. का देत नाहीत तेही सांगेनात.

बालवाडीच्या महिला मंडळातल्या बाया म्हणाल्या, बिनाकागदाची बाई कशाला अंगावर घेता? शालननं ऐकलं नाही. तिचे वडील 'सीताराम जिनिंग' या कापसाच्या गिरणीत कामाला होते. मालकानं काम सोडल्याची चिठ्ठी अडवली तेव्हा दुसरीकडं कुणी उभं करीना. घरातल्या कोपऱ्यात बसलेला बाप आणि रोजानं जाणारी आई, हे तिनं फ्रॉकात असताना पाहिलं होतं. कागद अडवून माणूस अडवणाऱ्यांचा तेव्हापासून तिला संताप. बायनाबाईला तिनं त्याच दिवशी ठेवून घेतलं.

आणि बाईच्या हाताला काय गुण! कसलंही रडवं लेकरू तिच्या मांडीवर गेलं की गप्प. कमरेला काजळाची पितळी डबी खोचलेली, तोंडात कसलंतरी गुणगुणणं. शालनची मुक्ता आठ महिन्यांची, जन्मापासून किरकिरी. बापाकडं जाईना, आजीकडं राहीना. बायनाबाईनं बालवाडीच्या मागच्या खोलीत झोळी बांधली आणि मुक्ता दुपार-दुपार झोपायला लागली. हल्ली दूध जरा कमी प्यायची, पण दात येत असतील. शालनला कितीतरी महिन्यांनी निवांत वेणी घालता आली. सासू म्हणायची, ही बायना मागच्या जन्मी आपल्या पोरीची माय असंल.

मग परभणीच्या कार्यालयातून निरोप आला. मागच्या ठिकाणचा दाखला लावा, नाहीतर बाई कमी करा. शालननं वालूरला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. मागच्या आठवड्यात नामांतराच्या मोर्च्यांनी गाड्या बंद होत्या, म्हणून निघणं आजवर आलं.

सकाळी मुक्ता तिच्या पदराला धरून बसली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. शालनचा पाय उंबऱ्यातच अडला, तशी बायनाबाईनं पोरीला उचलून खांद्याला लावलं.

"जा तुमी बिनघोर, ताई," ती म्हणाली. "लांबचा पल्ला हाय, यायला सांज होईल. मी हिला तुमच्यावाचून रडू देत न्हाई."

चांगुणाबाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. पोक्त, भरल्या अंगाची बाई. त्यांनी पाणी दिलं, सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, सोनपेठच्या बाजाराची चौकशी केली. सून चहा ठेवून मान वर न करता आत निघून गेली. बायनाबाईचं नाव निघालं आणि चांगुणाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

शालननं सगळं नीट समजावून सांगितलं. कार्यालयाचा नियम सांगितला, बायनाबाईची नड सांगितली. चांगुणाबाई सूप हलवत राहिल्या.

"रानात जाऊ द्या तिला," शेवटी त्या म्हणाल्या. "कुणाच्या भाकरी थापू द्या. त्याला कागद लागत न्हाई. बालवाडीसाठी मी देणार न्हाई."

"तिची चूक तरी सांगा."

"चूक म्हणावं तर तिच्या मनात काई वाईट नव्हतं. म्हणून तर फौजदाराकडं गेलो न्हाई आमी."

शालनला वाटलं, हे असंच असतं. गोड बोलायचं, चहा पाजायचा आणि गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा. तिचा आवाज चढला. म्हणाली, माणसाची पारख कागदावर होत नसते. तुम्ही अडवलंत तरी मी तिला ठेवून घेतलंच ना?

"माझी स्वतःची मुलगी तिच्याजवळ असते," ती म्हणाली. "कुणाजवळ म्हणून राहायची नाही. आता झोळीत टाकली की दुपारभर झोपते, हलवलं तरी उठत नाही. अशी माया लावणाऱ्या बाईला तुम्ही..."

सूप थांबलं.

"दूध पिती का?" चांगुणाबाईंनी विचारलं.

शालन गोंधळली. "हल्ली थोडं कमी."

"बायनाच्या कमरेला डबी हाय अजून?"

"काजळाची? आहे की."

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. तूर सांडली तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. त्या वर आढ्याकडं बघत होत्या. तिथं झोळीची लोखंडी कडी नुसतीच लोंबत होती.

"माझा नातू हितं निजायचा, बायनाच सांभाळायची त्याला," त्या म्हणाल्या. "त्यो बी असाच झोपायचा. आमाला वाटायचं, बायनाच्या हाताचा गुण. त्या डबीत काजळ न्हाई, बाई, अफू हाय. तिच्या मायनं तिला चाटवली, हिनं पोरांना चाटवली. मायेनंच. त्या दिवशी आमी सासू-सुना परभणीला गेलो. यायला सांज व्हणार, लेकरानं रडू न्हाई म्हणून हिनं दुबार चाटवली."

आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कागद नसला म्हंजे तिच्या हाती कुणी लेकरू देणार न्हाई, एवढंच सुचलं मला." चांगुणाबाईंनी शालनचं मनगट धरलं. "तुमची पोर आज कुणापाशी हाय?"