नुसतं झाकणारं

"आधी वॅक्सच लावू या," धाकट्या दिराने डबीचं झाकण फिरवत म्हटलं. "दोन हात मारले की दिसणारसुद्धा नाही."

वहिनी गाडीच्या मागच्या दाराशी उकिडवी बसली होती. गाडी गर्द निळी, आणि दारावर वीतभर लांबीचा मळकट ओरखडा. तिने त्याच्या हातातली डबी घेतली आणि डोळ्यांजवळ धरून मागचा बारीक मजकूर वाचून काढला.

"हे नुसतं झाकतं हो, भाऊजी. चार वेळा धुतली की पुन्हा आपलं वर. काढणारं नाही का काही?"

काढणारं होतं. दुकानदाराने आग्रह करून गळ्यात मारलेली पॉलिशची बाटली पिशवीच्या तळाशी होती, आणि ती तिथेच राहिली तर बरं, असं धाकट्याला वाटत होतं. वहिनीने पिशवी उपडी केली.

"ही बघा की! ओरखडा गेला की किल्ली परत देईन म्हणालेत हे. मला झाकाझाकी नको."

सोमवारी ओरखडा दिसला तेव्हा कुणी विचारायच्या आधीच तिने कबूल करून टाकलं होतं. गाडी मागे घेताना गेटपाशी काहीतरी खर्रकन वाजलं, तेच हे. लायसन्स नवंकोरं होतं. दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, जेवताना तिची यथेच्छ टिंगल केली. "गेटला आता हेल्मेट घालू या," म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली. सगळे हसले. धाकटाही हसला, जरा जास्तच हसला. तेव्हापासून वहिनी आपल्या आईला व्यायामासाठी दवाखान्यात बसने नेत होती. म्हातारीला बसची पायरी चढवताना तिच्या नाकीनऊ यायचे.

आता इलाज नव्हता. त्याने दार ओल्या कपड्याने पुसलं, कोरडं केलं, पांढऱ्या फडक्यावर पॉलिशचा थेंब घेतला आणि लहान लहान गोल फिरवत घासायला लागला. काम त्याला येत होतं. जोर द्यायचा नाही, एका जागी रेंगाळायचं नाही, उन्हात करायचं नाही.

"तुमचे उपकार झाले हो," वहिनी म्हणाली. "यांनी तर बाहेर येऊन बघितलंही नाही."

तो जोर देऊन घासायला लागला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हिने एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ओरखडा भराभर जायला लागला. वहिनीने हौसेने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुसरी बाजू वर करायला उलगडलं. फडकं हिरवं झालं होतं. निळ्या दारावर नुसता मळ वाटणारा तो रंग पांढऱ्या कापडावर चांगला ठसठशीत दिसत होता.

हा हिरवा धाकट्याच्या चांगल्या ओळखीचा होता. सिनेमाघराच्या तळघरात, जिथे गाड्या लावतात, तिथल्या खांबांना कमरेपर्यंत हाच रंग आहे. रविवारी दादाला दुपारची डुलकी लागल्यावर त्याने अलगद खुंटीवरची किल्ली काढली होती. एका वळणाचा प्रश्न होता, तेवढं वळण हुकलं.

वहिनीने फडक्याकडे पाहिलं, मग गेटकडे पाहिलं. गेट तिनेच सुट्टीत रंगवलं होतं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आपलं गेट तर पांढरं आहे."

"पॉलिशचा रंग असेल."

बाटलीच्या तोंडाशी एक थेंब ओघळून आला होता, दुधासारखा पांढरा. तिने तोही पाहिला.

तेवढ्यात दादा चप्पल फटफटवत बाहेर आला. फडकं बघून त्याला चेवच चढला.

"हिरवं? म्हणजे गेट एक, आणि हे आणखी दुसरीकडेच! अगं, काय काय घासत फिरलीस तू?"

वहिनी नवऱ्याकडे वळलीसुद्धा नाही. ती दिराकडे बघत राहिली. रागाने नव्हे, नुसती वाट बघत. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"दादा," त्याने सुरुवात केली. "दादा... आता वॅक्स लावून घेतो."

"लाव की मग."

त्याने डबी उघडली, बोटांनीच वॅक्स काढलं आणि लावलं. खरं तर फडक्याने लावतात, पण फडकं तिच्या हातात होतं आणि ते मागायची त्याची छाती झाली नाही. जन्मात कधी एवढी लाज वाटली नव्हती. तरी हात आपले गोल गोल फिरत होते आणि दार बिचारं गुमान चकचकत होतं.

"वा! शोरूममधून आणल्यासारखी!" दादाने खिशातून किल्ली काढून बायकोपुढे नाचवली. "घे बाई. बोलल्याप्रमाणे. आता तरी जपून."

वहिनीने फडक्याची घडी घातली, हिरवी बाजू वर ठेवून.

"मला नको. भाऊजींनाच द्या," ती म्हणाली. "त्यांना लागते."

"याला? याला कशाला लागते?" दादा हसत हसत वळला आणि किल्ली धाकट्यापुढे धरली. "काय रे, कुठे जातोस तू गाडी घेऊन?"

धाकट्याने घाईने हात पुढे केला. बोटं वॅक्सने बुळबुळीत झाली होती. किल्ली निसटून फरशीवर पडली, आणि ती उचलायला तो जो खाली वाकला, तो कितीतरी वेळ वर आलाच नाही.