गळालेली पानं

काचबिंदूने नानांची नजर गेली, तेव्हापासून दुपारी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं काम सुनेकडे, वैजयंतीकडे आलं. प्रत्येक प्रकरण संपलं की नाना मत देत. "भाषा झकास आहे. नवरा मात्र उगाच इतका वाईट रंगवलाय."

आज कादंबरी संपायची होती, पण वाचनालयाच्या त्या जुन्या प्रतीची शेवटची पानंच गळालेली. सांगितलं असतं तर नाना संध्याकाळपर्यंत धुमसत बसले असते. म्हणून उसवलेल्या शिवणीकडे बघत तिने पदरचंच वाचलं, "तिने किल्ल्या देव्हाऱ्यापाशी ठेवल्या, स्टँड गाठलं आणि मिळेल ती एसटी पकडली." वाचताना तिचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"हे काही पटलं नाही," नाना म्हणाले. "मुलं शाळेतून यायची वेळ आणि बाई निघाली? एखादं पान राहिलं असेल. नीट बघ."

वैजयंतीने रिकाम्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"हो, आहे एक. पुढच्याच थांब्यावर ती उतरली, घरी परतली. किल्ल्या पुन्हा कमरेला खोचल्या आणि चहाचं आधण ठेवलं."

"आता कसं," नाना समाधानाने मागे रेलले. "लेखकाला बायकांचं मन बरोबर कळतं."