धबधब्याच्या वर

पाण्यातून वर आलेला मासा चुकीच्या रंगाचा होता.

लेथाने गळाची काठी काखेत धरली, हात ओला केला आणि मासा तळव्यावर घेतला. वीतभरही नव्हता. पाठीवर फिकट नागमोडी रेषा, अंगावर निळसर कड्यांत बसवलेले लाल ठिपके, पोटाखालच्या परांना पांढरी किनार. गळ्याखाली लाल रेघ नव्हती. तिने तो दुसऱ्यांदा उलटा करून पाहिला. खरं तर तशी गरज नव्हती. हा ब्रूक ट्राउट होता, आणि धबधब्याच्या वर एकही ब्रूक असायला नको होता.

"लागला एकदाचा," मागच्या खडकावरून तिचे बाबा म्हणाले. "ऑफिसात बसून तुझा हात गेलाय. गळाची माशी पाण्यावर टेकवायची असते पोरी, आपटायची नसते. पिसांची असली म्हणून काय झालं, तिलाही लागतं."

लेथा हसली नाही.

या ओढ्यातले मूळचे ट्राउट म्हणजे लालगळे. नेवाडाच्या कोरड्या डोंगरांत त्यांची ही जात आता एवढ्याच पाण्यात उरली होती. ब्रूक पूर्वेकडचे, कुणाच्या तरी पणजोबांनी दुधाच्या कॅनमधून आणून सोडलेले. ते लालगळ्यांची पिल्लं खात आणि त्यांच्या जागा बळकावत. लेथा मत्स्यखात्यात होती. सापडले तेवढे लालगळे तिने पकडून हौदात हलवले आणि मग उगमापासून धबधब्यापर्यंत ओढ्यात विष सोडलं. एकदा नाही, लागोपाठ दोन उन्हाळे. ब्रूक पांढरी पोटं वर करून वाहत आले. पाणी निवळल्यावर तिने लालगळे परत सोडले. खालच्या ब्रूकना धबधबा चढता येत नव्हता, सगळा भरवसा त्यावरच होता.

खोऱ्यातल्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या लहानपणापासून या पाण्यात ब्रूकच होते, आणि ते त्यांना आपले वाटत. गुरांच्या बाजारात शेजारच्या प्रुएटने चारचौघांत तिला 'विषवाली' म्हणून हाक मारली होती. तिने ते सोसलं. गेले काही उन्हाळे पाहणीला पैसा मिळाला नव्हता, तेही सोसलं. मासे आपापले वाढत असतील, असं ती धरून चालली होती.

तिने हातातला मासा खडकावर एकदाच आपटला.

बाबा उठून उभे राहिले. या ओढ्यावर त्यांनी कधी मासा मारला नव्हता. पकडायचा, पाण्यात धरून दम खाऊ द्यायचा आणि सोडायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"मारलास कशाला त्याला?"

 लेथा गुडघ्यांवर बसून काठाखालच्या उथळ, संथ पाण्यात पाहू लागली. सावलीत बोटाएवढी पिल्लं तरंगत होती. ती वळली की परांची पांढरी किनार चमके. एक दिसलं, मग चार, मग तिने मोजणं सोडलं. ही कुणी आणून सोडलेली नव्हती. इथेच जन्मलेली होती, कुणीतरी वर आणून सोडलेल्या जोड्यांची.

"हे प्रुएटचं काम," ती म्हणाली. "खाली गेल्यावर सरळ शेरीफकडे जाते. तुरुंगात गेला तरी मला वाईट वाटणार नाही."

"आणि ओढ्याचं काय?"

"पुन्हा विष घालायचं तर लालगळे आधी बाहेर काढायला हवेत. हौद मोडून टाकले. पैसा नाही, माणसं नाहीत."

"मग?"

"मग काही नाही, बाबा. थोड्या वर्षांत इथे एकही लालगळा नसेल. इथे नसला की कुठेच नसेल."

बाबांनी टोपी काढली. खडकावरच्या मेलेल्या माशाकडे पाहिलं.

"प्रुएटला यात ओढू नकोस," ते म्हणाले.

"का? शेजारी म्हणून?"

"त्याचे गुडघे गेलेत. हा चढ त्याला चढवत नाही."

लेथाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. पंचाहत्तरी उलटली तरी सकाळी सबंध चढ ते तिच्या पुढे चालले होते.  पिल्लं डोळ्यांनी पाहूनही तिने एकच प्रश्न विचारला, जो तिच्या खात्यातल्या कुणीही पहिल्यांदा विचारला असता.

"तुम्ही आणलेले नुसते नर होते का?"

"नाही गं. पानगळीत धबधब्याखालच्या डोहातून चांगल्या भरलेल्या माद्या निवडून आणायचो. बादलीत, बर्फ घालून. एकही मेली नाही." त्यांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

"मी तुम्हाला सगळं समजावलं होतं. कागदावर चित्रं काढून."

"समजावलं होतंस. मला वाटलं, ते खात्याचं बोलणं, तुला बोलावंच लागतं." त्यांनी टोपी हातात फिरवली. "शेवटचं विष सोडून तू घरी आलीस आणि न्हाणीघरात नळ सोडून रडत बसलीस. तुझ्या आयुष्यातला पहिला मासा इथला, तोही ब्रूकच. मला वाटलं, या खात्यातल्या लोकांनी माझ्या पोरीच्या हातून तिचेच मासे मारून घेतले. म्हणून परत आणले. आज तुला तेच दाखवायला आणलं होतं."